एका ऋतूवरून ठेवलेले नाव

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा अशी होती की, आम्ही नळदुर्गच्या किल्ल्यावर लिहावे. इतिहास हा आमचा विषय. बोरी नदीच्या बंधाऱ्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात उभारलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्या बंधाऱ्यावरून कोसळणारे नर व मादी हे दोन धबधबे यांविषयी आम्ही वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळ बोललो आहोत. तरीही या वेळी किल्ला बाजूला ठेवून फुलपाखराच्या पंखावरील ठिपक्यांविषयी लिहिण्याची मुभा आम्ही मागून घेतली. विषय लहान वाटेल. परंतु त्यात आमच्या हातून घडलेली एक चूक गुंतलेली आहे, आणि शाळेपुढे सध्या असलेला एक निर्णयही.

चूक आधी सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला आम्ही परिसरातील एखाद्या जीवाचे निरीक्षण करून चित्र काढायला सांगितले होते. वसतिगृहातील एका मुलाने दोन चित्रे काढली. पहिले श्रावणातले होते. वसतिगृहाच्या पडवीतील दिव्याखाली तिन्हीसांजेला येऊन भिंतीला चिकटून बसणारे एक तपकिरी फुलपाखरू. मिटलेल्या पंखावर बारीक रेघांची नक्षी आणि कडेने गोल डोळ्यांची रांग. दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांनी त्याला ऊसतोडीला सोबत नेले. कोपीवर धाकट्या बहिणीला सांभाळायला कोणीतरी हवे होते. चैत्रात तो परत आला तेव्हा वहीत दुसरे चित्र होते. उसाच्या फडाशेजारी, कोपीतल्या दिव्यावर आलेले फुलपाखरू. त्याच्या पंखावर डोळे नव्हते, डोळ्यांच्या जागी टाचणीने टोचावेत तसे कण होते. पंखाचे टोक अणकुचीदार, रंग वाळल्या पानाचा. दोन्ही चित्रांखाली त्याने एकच नाव लिहिले होते: ‘दिव्याची पाकोळी’.

आम्ही लाल शाईने लिहिले, ‘ही दोन वेगळी फुलपाखरे आहेत. नावे शोधून लिही.’ तो म्हणाला, ‘सर, एकच हाय ते. पावसाळ्यात त्याचे डोळे उघडे असत्यात, दिवाळीनंतर मिटत्यात.’ वर्ग हसला. आम्हीही हसलो. त्याच वर्षीच्या प्रगतिपुस्तकात आमच्याच अक्षरात शेरा आहे: ‘अनियमित. अभ्यासात मंद.’

पुढे काही वर्षांनी विज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनी फुलपाखरांवरील पुस्तक आमच्या हाती दिले. त्यात ‘कॉमन इव्हनिंग ब्राऊन’ या फुलपाखराची दोन चित्रे शेजारी शेजारी छापलेली होती; एक पावसाळी रूप, एक कोरड्या ऋतूतले रूप. शास्त्रीय नाव एकच, ‘मेलानायटिस लेडा’. त्या मुलाची वही जणू कोणी छापून काढली होती.

ही गोष्ट एका जातीपुरती मर्यादित नाही. आपल्या माळावर दिसणारी ‘पिकॉक पॅन्सी’ घ्या. केशरी पंखांवर मोराच्या पिसाऱ्यासारखे मोठे डोळे असलेले हे फुलपाखरू ओलसर जागी, तळ्याकाठी दिसते. पंख उघडले की दोन्ही ऋतूंत ते जवळपास सारखेच. पण पंख मिटले की फरक कळतो. पावसाळ्यात पंखाच्या खालच्या बाजूला डोळे आणि रेघा स्पष्ट असतात. कोरड्या ऋतूत तीच बाजू हुबेहूब वाळलेले पान होते, पंखाच्या कडांना कोन येतात आणि मागच्या पंखाचे टोक पानाच्या देठासारखे लांबते. टाकळ्याच्या झुडपांवर अंडी घालणारे लहानसे पिवळे फुलपाखरू, ‘कॉमन ग्रास यलो’, तेही ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात त्याच्या पंखाची काळी किनार रुंद असते. कोरड्या दिवसांत ती अरुंद होते आणि खालच्या बाजूला तांबूस तपकिरी डाग उमटतात. श्रावणात टाकळ्याची भाजी खुडणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी हे फुलपाखरू शेकडो वेळा पाहिले आहे.

आम्हाला थोडा दिलासा देणारी गोष्ट अशी की, हीच चूक आमच्याआधी फार मोठ्या माणसाच्या हातून घडली होती. सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारे स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७५८ साली आपल्या ‘सिस्टेमा नॅच्युरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत पिकॉक पॅन्सीला दोन वेगळ्या जाती समजून दोन नावे दिली. कोरड्या ऋतूतल्या रूपाला ‘अल्माना’, पावसाळी रूपाला ‘अ‍ॅस्टेरी’. लिनियस भारतात कधी आले नव्हते. त्यांच्यापुढे जहाजांतून आलेले, टाचणीने टोचलेले नमुने होते. मेलेल्या नमुन्याला ऋतू नसतो. म्हणून त्यांची चूक समजण्यासारखी आहे, असे म्हणावे तर त्याच ग्रंथात त्यांनी युरोपातील ‘मॅप’ नावाच्या फुलपाखरालाही दोन जाती ठरवले आहे. वसंतातले केशरी ते ‘लेवाना’, उन्हाळ्यातले काळ्यावर पांढरा पट्टा असलेले ते ‘प्रोर्सा’. आता ती दोन्ही एकाच जातीची रूपे मानली जातात. म्हणजे अंतर हेच चुकीचे कारण नव्हते. एक पिढी दुसरीला जन्म देताना कोणी सलग पाहिले नव्हते, हे खरे कारण होते.

आपल्या देशातील फुलपाखरांबाबत हे सलग पाहण्याचे काम कलकत्त्यात झाले. तेथे सरकारी कचेरीत नोकरी करणारे लायनेल द निसव्हिल यांना फुलपाखरांचा छंद होता. डोळे असलेली आणि डोळे नसलेली तपकिरी फुलपाखरे एकाच जातीची असावीत, असा त्या काळी तर्क होता आणि वादही होता. द निसव्हिल यांनी वाद घालण्याऐवजी अंडी मिळवली, अळ्यांना गवत घातले, कोष सांभाळले आणि कोणत्या महिन्यात कोणते फुलपाखरू बाहेर पडते याची नोंद ठेवली. एका रूपाच्या मादीची संतती दुसऱ्या रूपाची निघते, हे त्यांनी १८८६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. इतिहासाच्या अभ्यासकाला यातील पद्धत ओळखीची वाटेल. कागदपत्र एका तारखेचे असते. त्यावरून संपूर्ण राजवट ठरवता येत नाही. मागचापुढचा कागद शोधावा लागतो.

आता प्रश्न उरतो, हा बदल होतो कसा? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. श्रावणातले फुलपाखरू कार्तिकात आपले डोळे मिटून घेत नाही. पंखांचा रंग हा पंखावरील सूक्ष्म खवल्यांचा असतो. फुलपाखरू कोषातून बाहेर आल्यावर ते खवले गळू शकतात, फिकट होऊ शकतात. नव्याने रंगत नाहीत. त्या मुलाचे वाक्य जातीबाबत खरे होते, एका फुलपाखराबाबत नव्हे. कोणते पंख मिळणार हे अळीपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि कोषाच्या सुरुवातीच्या काळात ठरते.

याचा सर्वांत बारकाईने अभ्यास आफ्रिकेतील ‘बायसायक्लस अनायनाना’ या लहान तपकिरी फुलपाखरावर झाला आहे. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात पॉल ब्रेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढवल्या. सुमारे २७ अंश तापमानात वाढलेल्या अळ्यांपासून ठसठशीत डोळ्यांची पावसाळी रूपे निघाली. १७ ते २० अंशांच्या गारव्यात वाढलेल्यांपासून जवळपास डोळे नसलेली कोरड्या ऋतूतील रूपे. दोन्हीकडचा वंश एकच. तापमानामुळे शरीरातील ‘एक्डायसोन’ या संप्रेरकाची पातळी वाढण्याची वेळ पुढेमागे होते आणि त्या वेळेवर पंखावरील डोळ्याचा आकार अवलंबून राहतो. अळीला पाऊस कळत नाही, पंचांग तर नाहीच. तिला कळतो तो इशारा. हवा उबदार आहे की गार होत चालली आहे, एवढ्यावरून तिचे शरीर पुढच्या ऋतूची तयारी करते. कोठे हा इशारा तापमानाचा असतो, कोठे दिवसाच्या लांबीचा. युरोपातील मॅप फुलपाखराला मुख्यतः दिवसाची लांबी सांगते.

आणि हे सारे कशासाठी? पावसाळ्यात माळ हिरवा असतो. त्या हिरव्यावर तपकिरी फुलपाखरू लपूच शकत नाही. शिवाय त्याला उडायचे असते, जोडीदार शोधायचा असतो, अंडी घालायची असतात. अशा वेळी पंखाच्या कडेचे डोळे कामी येतात. भक्ष्यावर झेपावणारा खंडोबाचा किडा किंवा सरडा त्या डोळ्यावर तोंड टाकतो, पंखाचा एक तुकडा जातो आणि जीव वाचतो. कडा फाटलेली फुलपाखरे पावसाळ्यात आपण पाहतो ती अशा झटापटीतून सुटलेली असू शकतात. कोरड्या ऋतूत हिशेब उलटा होतो. गवत पिवळे पडते, पाचोळा साचतो. अळ्यांना खायला कोवळे काही नसते, म्हणून अंडी घालण्याची घाई करण्यात अर्थ नसतो. या दिवसांतली इव्हनिंग ब्राऊन महिनोन्‌महिने पाचोळ्यात निश्चल बसून पुढच्या पावसाची वाट पाहते. बसून राहणाऱ्याच्या अंगावर डोळा असणे म्हणजे पक्ष्याला पत्ता देणे. म्हणून डोळे पुसले जातात आणि पानाचा रंग येतो. त्यातही एक विशेष असा की, पावसाळी इव्हनिंग ब्राऊन बऱ्याच अंशी एकमेकींसारख्या असतात. कोरड्या ऋतूतल्या मात्र एकीसारखी दुसरी सापडणे कठीण. कोणी तांबूस, कोणी राखी, कोणी काळ्या डागांची. पाचोळ्यात दोन पाने कधी सारखी असतात?

येथे आम्हाला आमच्या शेऱ्याची दुसरी चूक दिसली. आपण सहज असे समजतो की, डोळ्यांची नक्षी असलेले रूप हे खरे आणि पूर्ण, तर मळकट रूप हे खुरटलेले, उपासमारीने उतरलेले. तसे नाही. दोन्ही रूपे सारखीच घडीव आहेत. अंड्यात दोन्ही पंखांची क्षमता असते आणि ऋतू त्यांपैकी एक बाहेर काढतो. कोरड्या ऋतूचा पंख हा उणेपणा नव्हे, ते कठीण आठ महिने तग धरण्याचे साधन आहे.

मात्र प्रत्येक रूपभेद ऋतूचाच असतो असे म्हणणेही चुकीचे ठरेल. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे कढीपत्ता आणि लिंबू आहे. त्यांवर अंडी घालणाऱ्या ‘कॉमन मॉर्मन’ फुलपाखराच्या माद्या तीन रूपांत आढळतात. एक नरासारखी, उरलेल्या दोन पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या गुलाबी फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. ही रूपे ऋतूने ठरत नाहीत, वारशाने ठरतात. त्यामागे ‘डबलसेक्स’ हा एकच जनुक आहे, हे भारतीय फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. म्हणजे एका फुलपाखराचे रूप जन्माने ठरते, दुसऱ्याचे परिस्थितीने. कोणते कशाने ठरते हे नुसते पाहून सांगता येत नाही. वाढवून, मोजून, पडताळूनच सांगावे लागते.

हा मुद्दा आपल्या समाजाला नवा नाही. जातिव्यवस्थेला वंशशुद्धीच्या शास्त्राचा टेकू देणारे लोक बाबासाहेबांच्या काळातही होते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्ष न झालेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात त्यांनी या मंडळींची दखल घेतली. आपल्याला त्यातील सामाजिक विचार पाठ असतो; परंतु बौद्धिक गुण वारशाने ठरावीक रीतीने उतरतात का, या प्रश्नासाठी बाबासाहेबांनी तेथे विल्यम बेटसन या आनुवंशशास्त्रज्ञाचा हवाला दिला आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्यांनी जीवशास्त्राच्या नावाने माणसाची पायरी ठरवली, त्यांच्याकडे बाबासाहेबांनी जीवशास्त्राचाच पुरावा मागितला. फुलपाखरावरून माणसाचा सिद्धान्त काढण्याचा आमचा हेतू नाही. माणूस कीटक नाही, आणि एकदा कोषातून बाहेर आल्यावर ज्याचे पंख बदलत नाहीत अशा जीवाशी शिकणाऱ्या मुलाची तुलना फार ताणू नये. मूल कोणत्याही वयात नवे काही शिकू शकते. वसतिगृहाची शाळा याच विश्वासावर उभी असते. आम्ही घेतो ती फक्त पुराव्याची शिस्त. एकाच ऋतूतला नमुना पाहून नाव ठेवू नये.

आणि आमच्या शाळेत नाव ठेवण्याचे हे काम रोज चालते. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्यांच्या हातात काही नसते. मूल मागे ठेवायला घरात कोणी नसले की तेही फडावर जाते. सरकारने यासाठी हंगामी वसतिगृहे सुरू केली. आपल्यासारख्या निवासी शाळांनीही शक्य तितकी मुले थोपवून धरली. तरी काही जातातच. जूनमध्ये आमच्यासमोर बसणारे बोलके मूल आणि चैत्रात परतणारे गप्प मूल एकच असते. आम्ही हजेरीपट पाहतो आणि त्याला दोन नावे देतो. आधी ‘हुशार’, मग ‘मंद’. ते गप्प बसणे कशाची तयारी होती, त्या पाच महिन्यांत त्याने काय पाहिले, किती मोळ्या मोजल्या, धाकट्या भावंडाला साप-विंचवापासून कसे जपले, हे कोणत्याही शेऱ्यात येत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर त्याची गैरहजेरी हेच त्याच्या ज्ञानाचे कारण होते. दुसरे चित्र त्याला फडावर मिळाले, कारण इव्हनिंग ब्राऊनची अळी गवतांवर वाढते आणि ज्वारी, भात, ऊस ही शेवटी गवतेच आहेत. बाराही महिने शाळेत असलेल्या आम्हाला ते फुलपाखरू पडवीत दिसत होते, पण आम्ही पाहिले नव्हते.

आता निर्णयाविषयी. समारंभाच्या निमित्ताने परिसर ‘स्वच्छ’ करावयाचे ठरले आहे. वसतिगृहामागील पडीक तुकड्यातले वाळलेले गवत आणि पाचोळा जाळून, जमीन सपाट करून तेथे फरशीचे ब्लॉक बसवायचे आणि कडेने हिरवळ लावायची, असा विचार आहे. पाहुणे येणार, छायाचित्रे निघणार, तेव्हा ही इच्छा स्वाभाविक आहे. बैठकीत आम्हीही मान डोलावली होती. विंचूकाट्याची भीतीही खोटी नाही. मुलांच्या येण्याजाण्याची वाट आणि खोल्यांच्या भिंतीलगतची जागा स्वच्छ असलीच पाहिजे. परंतु उरलेल्या तुकड्याबाबत आमचे मत आता बदलले आहे. माघ-फाल्गुनात ते गवत जाळणे म्हणजे पुढच्या पावसाची वाट पाहत बसलेली पिढीच जाळणे होय. पाचोळ्याचे रूप पक्ष्याला फसवते, काडेपेटीला फसवू शकत नाही. आणि आखीव हिरवळीवर टाकळा उगवू दिला जात नाही, कोरांटी राहत नाही, उंच गवत वाढत नाही. म्हणजे अळीला खायला काही उरत नाही. फुलझाडे लावली की फुलपाखरे येतात हे अर्धे सत्य आहे. फूल ही त्यांची खानावळ. अळीचे घर ते नको असलेले तण असते.

भगवान बुद्धांनी भिक्खूंसाठी वर्षावासाचा नियम का घालून दिला, याची हकिकत विनयपिटकात आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर हिरवे गवत तुडवले जाते आणि लहान जीव मरतात, अशी तक्रार लोकांनी केली होती. त्यावरून आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहण्याची प्रथा पडली. गवतातल्या जीवांच्या बाजूने एका महान धम्मसंघाने आपला दिनक्रम बदलला, तर समारंभासाठी आपण एक तुकडा सोडू शकणार नाही काय? आणि योगायोग असा की, आपल्या भागात डोळ्यांच्या पंखाचा काळही बराचसा वर्षावासाबरोबरच चालतो. मृगाचा पाऊस जमला की पुढे ती रूपे दिसू लागतात. हस्त सरला, ज्वारीची पेरणी आटोपली, पहाटे गारवा आला की वाळल्या पानांची रूपे येऊ लागतात.

म्हणून व्यवस्थापन समितीला, पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, वसतिगृहामागील तुकडा जाळू नये आणि त्यावर फरशी घालू नये. वाटेलगतचे गवत कापावे, बाकीचे पहिला पाऊस पडेपर्यंत राहू द्यावे.

दुसरी, शाळेने एक पंखनोंद सुरू करावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्याकडे दर पौर्णिमेला सायंकाळी वंदनेसाठी सर्व मुले एकत्र येतात. वंदना झाल्यावर दोन मुलांनी पडवीतील दिव्यांखाली बसलेली तपकिरी फुलपाखरे मोजावीत, मागच्या पंखावर डोळे किती आणि केवढे ते लिहावे, भिंतीवरील तापमापक पाहून त्या दिवसाचे तापमान टिपावे. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील घेतलेल्या शाळेत कोणालाही टाचणीने टोचायचे नाही. मोबाईलवरील छायाचित्र पुरे आहे. अंडी सापडली तर जाळीने झाकलेल्या बरणीत गवतावर अळ्या वाढवून, फुलपाखरू निघताच सोडून द्यावे. साधारण महिनाभराचे हे काम आहे. एकदा आषाढात आणि एकदा कार्तिकात केले की लिनियसला जे दिसले नाही ते सातवीच्या मुलांना दिसेल. अशी वही दहा वर्षे चालली तर तिचे मोल आणखी वाढेल. अळीचा भरवसा इशाऱ्यावर आहे. पाऊस लांबू लागला, थंडी उशिरा येऊ लागली आणि इशारा व ऋतू यांची फारकत झाली तर चुकीच्या ऋतूत चुकीचा पंख निघेल. आपल्या माळावर तसे होते आहे काय, हे सांगणारी नोंद आपल्याच शाळेत असावी. ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, असे धम्माचे लक्षण आपण रोज म्हणतो. ते म्हणण्यापुरते राहू नये.

तिसरी विनंती आमच्या सहकारी शिक्षकांना आणि आम्हा स्वतःलाही आहे. फडावरून परतलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिण्यापूर्वी त्याचे बाराही महिने डोळ्यांसमोर आणावेत. ज्या महिन्यांचे आपल्याला काही ठाऊक नाही त्यांविषयी आधी त्यालाच विचारावे. कदाचित त्याच्या वहीत दुसरे चित्र असेल.

तो विद्यार्थी आज तिशी ओलांडून गेला असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली तर त्याने समजावे की, लाल शाईतील ती ओळ आणि प्रगतिपुस्तकातील तो शेरा आम्ही मागे घेत आहोत. वही जपून ठेवली असेल तर समारंभाला येताना सोबत आणावी. वाढीव गुण देण्याची वेळ निघून गेली आहे. पण पंखनोंदीचे पहिले पान आम्ही त्या दोन चित्रांसाठी कोरे ठेवणार आहोत. खाली नावही त्याने दिलेलेच लिहू: दिव्याची पाकोळी.